कुंडीतल्या सोप्या भाज्या आणि फळं : आधी कुंडीचे लिटर मोजा, मग बियाणं आणा

परसदार

'पानं पिवळी पडली, कोणतं खत घालू?' असा प्रश्न इथे सारखा येतो आणि बहुतेक वेळा उत्तर खत हे नसतंच. कुंडी लहान असते, ऊन अपुरं असतं, नाहीतर पाणी नको तेवढं असतं. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी सगळं एका धाग्यात.

कुंडी इंचात नाही, लिटरमध्ये मोजा. ३० सेंमी व्यासाची आणि ३० सेंमी उंचीची सरळ कुंडी २१ लिटरची भरते. पण कुंड्या खाली निमुळत्या असतात आणि वर ३ सेंमी जागा पाण्यासाठी मोकळी ठेवावी लागते. त्यामुळे '१२ इंची' म्हणून मिळणाऱ्या कुंडीत प्रत्यक्षात १४-१५ लिटरच माती-खताचं मिश्रण मावतं.

आता हिशोब बघा. चांगल्या मिश्रणात झाडाला शोषता येईल असं पाणी कुंडीच्या आकारमानाच्या साधारण २० ते ३० टक्के असतं. म्हणजे ५ लिटरच्या कुंडीत सव्वा लिटर. फळं धरलेलं टोमॅटोचं मोठं झाड कडक उन्हात दिवसाला २ लिटर आणि कधी त्याहूनही जास्त पितं. सकाळी भरपूर पाणी घातलं तरी दुपारी ते माना टाकणारच. मग माणूस घाबरून संध्याकाळी पुन्हा ओततो, मुळं आलटून पालटून सुकतात आणि बुडतात, आणि त्यातून निघालेल्या तक्रारींवर आपण खताची चर्चा करत बसतो.

कामचलाऊ मापं अशी: पालेभाज्यांना खोली १५ सेंमी पुरे, रुंदी जितकी जास्त तितकं बरं. गोल मुळ्याला १५-२०, लांब मुळा आणि गाजर यांना ३० सेंमी. मिरचीला १० लिटर. झुडपी फरसबीची ३ रोपं १० लिटरमध्ये. टोमॅटो, वांगं, काकडी यांना १८-२० लिटर, आणि त्यात एकच रोप. दोन लावायचा मोह सगळ्यांना होतो. स्ट्रॉबेरीला रोपामागे ३ लिटर.

फळभाज्यांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ४ तासांत भागवतात, पुदिना ३ तासांतही. 'उजेड भरपूर येतो' म्हणजे ऊन नव्हे. कागद घ्या आणि दिवसभर दर तासाला त्या जागेवर ऊन आहे का ते लिहा. मग पीक ठरवा.

ओंजळभर

वाचनखूण साठवली. दोन शंका. रंगाच्या जुन्या बादल्या आहेत, २० लिटरच्या, त्या चालतील का? आणि भोकं पाडल्यावर तळाला विटांचे तुकडे किंवा खडी किती जाड घालायची?

मूळवाट

बादल्या चालतील. पाण्यात मिसळणाऱ्या रंगाची असेल तर वाळलेला थर खरवडून साबणाने दोनदा धुवा. तेलरंग, थिनर, कीटकनाशक किंवा कारखान्यातलं रसायन होतं अशा डब्यात खायचं काही लावू नका, कितीही धुतलं तरी. भोकं ८-१० मिमीची, ५-६, त्यातली दोन-तीन बाजूच्या भिंतीत तळापासून १ सेंमीवर. तळ जमिनीला चिकटून खालची भोकं बुजली तरी ही वाहतात. गडद रंगाची बादली उन्हात फार तापते आणि कडेची मुळं भाजतात. बाहेरून पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा.

खडी मात्र अजिबात नको. हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो उलटा आहे. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरचा थर पुरता चिंब होईपर्यंत ते तिथेच अडून राहतं. प्रत्येक कुंडीत तळाशी असा एक चिंब पट्टा असतोच. खडी घातली की तो पट्टा उचलून मुळांच्या आणखी जवळ येतो आणि वर मातीची जागाही कमी होते. घासणीचा स्पंज ओला करून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा, आणखी पाणी गळेल. कुंडीचंही तसंच: मिश्रणाचा थर जितका उंच तितका वरचा भाग मोकळा आणि हवेशीर राहतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक वाळकं पान ठेवा आणि तळापासून मिश्रणच भरा.

परसदार

अनुमोदन. आणि खालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. रात्रभर ठेवलं तर मुळकूज, मातीतली चिलटं आणि डास, तिन्ही एकदम.

गांडूळमित्र

मिश्रणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नुसती बागेतली माती कुंडीत भरू नये. जमिनीत ती भुसभुशीत असते कारण तिथे गांडुळं आणि खोलवर गेलेली मुळं असतात. कुंडीत चार-सहा पाण्यांतच ती बसते आणि वर कडक पापुद्रा येतो.

माझं प्रमाण: माती ४ भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट ३, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३. २० लिटरला मूठभर निंबोळी पेंड, साधारण ५० ग्रॅम. माती चिकण असेल तर तिचा एक भाग कमी करून तिथे जाडसर वाळू. खत कुजलंय का ते हातात घेऊन बघा. गरम लागलं, आंबूस किंवा अमोनियाचा वास आला, किंवा मूळ पदार्थ ओळखू आला तर ते तयार नाही. तसं खत रोपाची मुळं जाळतं आणि स्वतः कुजताना नत्रही (नायट्रोजन) ओढून घेतं.

सावलीतलं_ऊन

गांडूळमित्र, प्रमाण चांगलं आहे पण बाल्कनीसाठी मातीचा आग्रह कशाला? २० लिटर ओली माती ३५ किलोपर्यंत जाते. तुमचं मिश्रण पंचवीसच्या आसपास. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं घेतलं तर आणखी हलकं. बाल्कनीत १०-१२ कुंड्या कठड्याच्या कडेला रांगेने ठेवण्याआधी हे वजन मोजाच, आणि जड कुंड्या बाहेरच्या टोकाला न ठेवता भिंतीलगत ठेवा.

गांडूळमित्र

वजनाचं मान्य. पण बिनमातीचं मिश्रण नवख्याला नाचवतं. त्यात पोषण धरून ठेवायला फारसं काही नसतं, दर आठवड्याला खत चुकवून चालत नाही. शिवाय ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी घेतच नाही. वरून ओतलेलं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जातं, बशीत दिसतं, आणि आपल्याला वाटतं की झाड तृप्त झालं.

सावलीतलं_ऊन

त्यावर उपाय आहे. अशी कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याच्या टबात ३०-४० मिनिटं बुडवून ठेवा, वरचा थर ओला दिसला की काढून निथळा. आणि कोकोपीट वापरणाऱ्या सगळ्यांनीच ते आधी धुवावं. ५ किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुलवली की ६०-७० लिटर होते. ते पाणी पिळून टाका, असं दोन-तीनदा. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशचे क्षार असतात. न धुता वापरलं तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

ओंजळभर

म्हणजे मधला मार्ग, माती थोडी ठेवायची. ठीक. आता पहिली पिकं सांगा, लवकर हाती लागतील अशी.

कोवळीक

ताई, मेथीपासून सुरू करा. ६-८ तास भिजवून १ सेंमी खोल, दाट पेरली तरी चालते. ३-५ दिवसांत उगवते, २५-३० दिवसांत काढायची. यात बिघडण्यासारखं एकच आहे: वरची माती कायम चिंब ठेवली की रोपं जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. पाणी सकाळी घाला आणि रोपांमधून वारा खेळू द्या.

गोल मुळा ३०-३५ दिवसांत. बी १ सेंमी खोल, ५ सेंमी अंतरावर. 'नुसता पाला आला, मुळा धरलाच नाही' याची कारणं चार: दाट पेरणी, कमी ऊन, जास्त नत्र, किंवा उष्णता. उगवल्यावर विरळणी करायला जीव होत नाही, हे खरं कारण. उपटवत नसेल तर जादा रोपं कात्रीने जमिनीलगत कापा, शेजारच्या मुळांना धक्का बसत नाही. मुळा दुसरीकडे हलवून लावू नका, वेडावाकडा होतो.

पालकाचं एक 'बी' म्हणजे खरं तर बियांचा झुबका, त्यातून दोन-तीन रोपं येतात. रात्रभर भिजवा, पेरा, मग ५-७ सेंमी अंतर ठेवून विरळणी. तोडताना बाहेरची पानं घ्या, किंवा सगळं जमिनीपासून ३-४ सेंमी वर कापा. मधला कोंब शाबूत राहिला तर आणखी तीन-चार कापण्या मिळतात.

कोथिंबिरीला लोक सोपी म्हणतात, पण सगळ्यात जास्त नापास तीच करते. धण्याचा गोल दाणा म्हणजे दोन बिया एका कवचात. लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी करा, भुगा नको. ८-१२ तास भिजवा. १ सेंमी खोल पेरा आणि वर बारीक कंपोस्टचा पातळ थर द्या. तापमान १८ ते २५ अंश असेल तर ८-१२ दिवसांत उगवते. ३० च्या वर उगवण लांबते, तुरळक होते, आणि उगवलेली रोपंही पाला न देता लगेच फुलावर जातात. त्यामुळे उष्ण दिवसांत तिला दुपारची सावली द्या. स्वयंपाकाच्या डब्यातले धणे किती जुने हे कळत नाही. त्यातले २० ओल्या कागदात गुंडाळून ठेवा, १२ दिवसांत १० सुद्धा फुटले नाहीत तर ते पेरण्यात अर्थ नाही. एकदा फुलोरा दिसू लागला की शेंडे खुडून ती थांबत नाही. दर १५ दिवसांनी नवीन पेरा, एवढाच मार्ग.

फरसबीचं बी भिजवू नका, फुटून कुजतं. ३ सेंमी खोल, थेट कुंडीत. शेंगा दोन-तीन दिवसांआड तोडत राहा. झाडावर दोन-चार जून शेंगा राहिल्या तरी नवीन फुलं कमी होतात.

गच्चीकर

टोमॅटोवर लिहा कोणीतरी. फुलं भरपूर येतात, देठापासून गळतात. जी फळं धरली त्यांच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग. हे करपा म्हणायचं का? अंड्याची टरफलं घातलीत.

मूळवाट

दोन वेगळे आजार आहेत, किंबहुना दोन्ही आजार नाहीतच.

फूलगळ आधी. रात्रीचं तापमान २४ अंशांच्या वर किंवा १३ च्या खाली, दिवसाचं ३५ च्या वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत, फूल देठाच्या गाठीवर पिवळं होऊन गळतं. इथे तुम्ही काही करू शकत नाही. दुपारी सावलीची जाळी लावा, झाड जगवा, हवा निवली की फळं धरतात. तापमान ठीक असून गळत असेल तर वारा अडलाय का बघा. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं, पण ते हलावं लागतं. सकाळी १० ते १२ च्या दरम्यान फुलांच्या घोसाच्या देठावर बोटाने टिचक्या मारा. तिसरी शक्यता, नत्र जास्त: झाड गर्द हिरवं, पानं मोठाली, फुलं मोजकी.

बुडाचा डाग म्हणजे करपा नव्हे. करपा पानांवर येतो, गोलात गोल अशा तपकिरी ठिपक्यांचा, खालच्या पानांपासून सुरू होऊन वर चढतो. तुमचा डाग फक्त फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला आहे, कोरडा, किंचित खोलगट. फळाच्या त्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नाही. मातीत ते बहुधा आहे. पण कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि आधी पानांकडे जातं. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं झालं की फळाचा वाटा तुटतो. टरफलं कुजून विरघळायला खूप काळ लागतो, या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. डागाळलेली फळं काढून टाका, कुंडीवर ५ सेंमी वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला, पाणी रोज ठरल्या वेळी. पुढच्या घोसांची फळं सहसा स्वच्छ येतात. कुंडी किती लिटरची आहे तुमची?

गच्चीकर

८.

मूळवाट

मग उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये आहे. एवढं मोठं झाड आता हलवू नका. यंदा दिवसातून दोनदा पाणी द्या. पुढच्या वेळी २० लिटर आणि झुडपी जात किंवा चेरी टोमॅटो घ्या. चेरीला हा डाग क्वचितच दिसतो. रोप लावताना खालची पानं काढून खोड पहिल्या चांगल्या पानांपर्यंत मातीत गाडा, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर मुळं चिरतात. बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारा कोंब, फक्त उंच वाढणाऱ्या जातीची काढायची. झुडपी जातीची काढली तर फळंच काढून टाकल्यासारखं होतं.

चुरडामुरडा

मिरचीची पानं वळतात म्हणून सगळे सरसकट निंबोळी तेल मारतात. आधी पान उलटं करून नीट बघा. कडा वरच्या बाजूला होडीसारख्या वळल्या असतील आणि पानामागे चंदेरी ओरखडे असतील तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक पिवळसर काडीसारखे किडे पळताना दिसतील. कडा खाली वळल्या, पान अरुंद, देठ लांबुडका झाला असेल तर कोळी (माइट नावाची कीड), जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शेंड्याची पानं लहान, पिवळट, गुच्छासारखी आणि झाडाची वाढच थांबलेली असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, त्यावर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाका, शेजारची वाचतील.

फुलकिड्यांसाठी: १ लिटर कोमट पाण्यात आधी १-२ मिली सौम्य द्रवसाबण ढवळा, मग ५ मिली निंबोळी तेल. साबण आधी नसेल तर तेल वर तरंगतं आणि शेवटची फवारणी नुसत्या तेलाची होऊन पानं भाजतात. संध्याकाळी, पानांच्या खालून, दर ५-७ दिवसांनी तीनदा. आधी दोन पानांवर करून दुसऱ्या दिवशी बघा. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण ३२ अंशांच्या वर नको आणि तेलाच्या फवारणीपासून किमान दोन आठवडे अंतर ठेवा, नाहीतर पानं होरपळतात.

ओंजळभर

खत शेवटी किती आणि कधी? केळीच्या साली, चहाचा चोथा वगैरे?

सावलीतलं_ऊन

साली आणि चोथा कंपोस्टच्या डब्यात. कुंडीत थेट घातलं की बुरशी, चिलटं, मुंग्या. १५-२० लिटरच्या कुंडीला पहिला महिना काहीही नको, मिश्रणातलं पुरतं. नंतर दर ३-४ आठवड्यांनी १००-१५० ग्रॅम गांडूळखत वरच्या दोन सेंमीत मिसळा. विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही सारख्या प्रमाणात) वापरणार असाल तर लिटरला १ ग्रॅम, १० दिवसांतून एकदा, आणि ओल्या मातीतच. फुलं लागली की पालाश जास्त असलेलं खत घ्या. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार साचलेत: कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून निचरू द्या आणि दोन आठवडे खत बंद.

गांडूळमित्र

१९:१९:१९ शिवायही भागतं, पण बिनमातीच्या कुंडीत नाही. एवढं आमच्यात एकमत. :)

गच्चीकर

फळझाडांचं काय? लिंबू थेट मोठ्या ड्रमात लावू का?

परसदार

नको. लहान मुळांचं रोप ५० लिटरमध्ये लावलं की भोवतीची माती आठवडाभर ओली राहते आणि मुळं कुजतात. कलमी रोप घ्या, १२-१५ लिटरमध्ये लावा, दीड-दोन वर्षांनी २५, मग ४०-५०. बियांपासून वाढवलेलं लिंबू फळायला अनेक वर्षं घेतं, कलमी दोन-तीन वर्षांत. कलमाची गाठ मातीच्या वर १० सेंमी तरी राहू दे, आणि गाठीखालून फुटलेले कोंब दिसताक्षणी मोडा. ते खुंटाचे, म्हणजे कलम ज्यावर बांधलंय त्या खालच्या झाडाचे असतात आणि जोमाने वाढून कलमच मारतात. वाटाण्याएवढी फळं बरीच गळतील, ती नैसर्गिक गळ आहे. पाणी वरची ४-५ सेंमी माती सुकल्यावरच.

सर्वांत बिनतक्रार फळझाड म्हणाल तर अंजीर. ३०-४० लिटर, भरपूर ऊन, परागीभवनाची कटकट नसलेली जात. नव्या फुटीवर फळतं, त्यामुळे सुप्तावस्थेत छाटलं की बुटकं राहतं आणि फळंही देतं. फळं काढताना हातमोजे घाला, चीक काहींच्या त्वचेला लागतो.

कोवळीक

स्ट्रॉबेरीत सगळी चूक लागवडीच्या एका सेंटिमीटरमध्ये होते. पानं जिथून फुटतात तो गड्डा बरोबर मातीच्या पातळीवर हवा. गाडला गेला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळं सुकतात. पहिल्या महिन्यातली फुलं आणि धावते कोंब खुडा. फळं मातीला टेकू देऊ नका, खाली वाळकं गवत घाला. तोडल्यावर ती आणखी गोड होत नाहीत, म्हणून पूर्ण लाल झाल्यावरच तोडा.

चुरडामुरडा

काकडीवाल्यांसाठी एक: पहिला आठवडा-दहा दिवस नुसती नर फुलं येतात, घाबरू नका. मादी फुलामागे चिमुकली काकडी असते. तीच पिवळी होऊन गळत असेल तर पराग पोचला नाही. सकाळी ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फुलाच्या मध्यभागी दोन-तीनदा टेकवा. मधमाश्या फिरकतच नसतील तर परागीभवनाशिवाय फळणारी जात घ्या. कडू काकडी बहुतेक वेळा पाण्याच्या ताणामुळे.

ओंजळभर

शेवटचा प्रश्न. आठ दिवस घर बंद राहणार आहे. बादलीतून सुतळीने पाणी ओढतं म्हणतात, ते जमतं का?

मूळवाट

लहान कुंड्यांना जमतं, टोमॅटोला नाही. जाड सुती दोरी आधी भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीत १० सेंमी खोल, आणि बादली कुंडीपेक्षा उंचावर. उन्हातल्या दोऱ्या वाटेतच सुकतात, म्हणून कुंड्या सावलीत, एकमेकींना खेटून ठेवा. फळांनी लगडलेल्या झाडाला एका दोरीचं पाणी पुरत नाही. त्याला टायमर आणि ठिबक लागेल, आणि ते निघायच्या दिवशी नव्हे तर चार दिवस आधी लावून बघा, एखादा ड्रिपर तुंबलेला निघतोच. जाताना पिकलेली आणि पिकत आलेली फळं तोडा, फरसबीच्या शेंगा काढा, आच्छादन घाला. मेथी-पालक कापूनच टाका, पाला नसला की पाणीही कमी लागतं. पालकाला परत येईपर्यंत नवी फूट दिसेल.